कोबी पातेल्यात कधी पडतो?

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये ७ नंबरची गाडी बहुतेक ठिकाणी जमिनीखालून जात नाही, खांबांवरून धावते. ६१व्या रस्त्याच्या वुडसाइड स्टेशनवर उतरून जिन्यानं खाली आलं की रूझवेल्ट ॲव्हेन्यू लागतो. तिथून दोन स्टेशनं पुढे जॅक्सन हाइट्स. कढीपत्ता, कोकम, तांदळाचं पीठ आणायला आम्ही तिथं जातो. मार्च उजाडला की मात्र मी दोन स्टेशनं अलीकडेच उतरतो, आयरिश सणाच्या जेवणासाठी.

मी वसईचा, कॅथलिक घरातला. संत पॅट्रिकचा सण १७ मार्चला येतो, म्हणजे कायम ईस्टरआधीच्या उपवासकाळातच. शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे २०२३ साली हा सण शुक्रवारी आला तेव्हा अमेरिकेतल्या अनेक बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली होती. एका ताटासाठी धर्माचा नियम सैल होतो, तर ते ताट तितकं चांगलं असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांसारखाच गेलो, ऐन १७ तारखेला, मॅनहॅटनमध्ये. फिफ्थ ॲव्हेन्यूवरची मिरवणूक १७६२ पासून निघते आहे, अमेरिका देश म्हणून उभी राहण्याच्याही आधीपासून. ती पाहून डोळे भरून आले. बॅगपाइपच्या पथकामागून अग्निशमन दलाचे जवान चालत होते आणि कडेला म्हातारी माणसं आपल्या काउंटीचा फलक दिसला की टाळ्या वाजवत होती. मग भूक लागली म्हणून जवळच्या एका पबमध्ये शिरलो. तासभर उभं राहिल्यावर ताट आलं. कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, धाग्याच्या दिशेनं कापलेलं, त्यामुळे दातात दोऱ्या अडकाव्यात तसं. मीठ इतकं की जीभ बधिर झाली. आणि कोबी! पिवळट करडा, लिबलिबीत, गंधकाचा वास मारणारा. बटाटे वेगळ्याच पाण्यात उकडून शेजारी ठेवलेले, या मांसाशी त्यांची कधी भेटच झालेली नव्हती.

त्या दिवशी पबचा धंदा बिअरचा असतो. स्वयंपाक सकाळीच उरकतात आणि वाफेच्या ट्रेमध्ये ठेवून देतात. मांस हे थोडंफार सहन करतं, कोबी करत नाही. जितका जास्त वेळ तापत राहील तितका तो वास सोडतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शेवटच्या रांगेला आलेली कोबीची भाजी ज्यानं खाल्ली आहे, त्याला हे सांगायला नको.

या ताटाची कहाणी न्यूयॉर्कचीच आहे. 'कॉर्न' म्हणजे दाणा, इथे मिठाचा खडा. सतराव्या-अठराव्या शतकात आयर्लंडचं कॉर्क बंदर खारवलेल्या गोमांसासाठी प्रसिद्ध होतं. पिंपं भरभरून ते ब्रिटिश आरमाराला आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांना जायचं. गुरं पाळणाऱ्या गरीब आयरिश माणसाला मात्र ते परवडत नव्हतं. त्याच्या वाट्याला बटाटा, ताक आणि सणासुदीला डुकराचं खारवलेलं मांस. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. १८६०च्या सुमारास न्यूयॉर्कमधला जवळजवळ दर चौथा माणूस आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. इथे त्यांना घरच्यासारखं बेकन मिळेना, पण ज्यू खाटकांकडे ब्रिस्केट मिळे. ब्रिस्केट म्हणजे गुरांच्या छातीचा भाग, चिवट म्हणून स्वस्त आणि खारवून शिजवायला उत्तम. बेकनच्या जागी ते आलं, कोबी मात्र तोच राहिला. म्हणून आजही आयर्लंडहून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, आमच्या घरी बेकन आणि कोबी. ते खायचं असेल तर ब्राँक्सच्या वुडलॉनमध्ये कॅटोना ॲव्हेन्यूवर जावं. तिथं अजूनही आयरिश बोली कानावर पडते.

मला कॉर्न्ड बीफ ओळखीचं वाटलं ते आजीमुळे. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी ती मांसाचा मोठा तुकडा काट्यानं सगळीकडून टोचायची, मीठ, लिंबू आणि चिमूटभर सोरा चोळायची, मातीच्या भांड्यात ठेवून वरून पाट्याचा दगड. रोज एकदा उलटायचं. आम्हा पोरांना त्या भांड्याला हात लावायची बंदी होती. मुंबई-वसईकडच्या आणि गोव्याच्या कॅथलिक घरांत हे 'सॉल्ट मीट' जुनं आहे. त्यामुळे ताट समोर आलं की हे मांस घाईत झालंय की सवडीनं, हे मला पहिल्या घासात कळतं.

वुडसाइडच्या एका पबमध्ये ते सवडीनं होतं. तिथला स्वयंपाकी मेक्सिकोतल्या प्युएब्लाचा. न्यूयॉर्कच्या कितीतरी आयरिश पबांच्या मुदपाकखान्यात त्याच्या मुलखातली माणसं राबतात. सणाच्या आदल्या आठवड्यातल्या एका मंगळवारी दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा त्यानं मला आत बोलावलं. थंड खोलीत पांढऱ्या बादल्या होत्या. त्यांत मीठ, थोडी साखर आणि गुलाबी क्युरिंग मीठ घातलेलं पाणी. सोऱ्याचं काम आता हे मीठ करतं, मांसाचा रंग त्यामुळेच गुलाबी राहतो. पाण्यावर तरंगत होते धणे, मोहरी, मिरी, लवंगा आणि तेजपान. आमच्या घरातला मसाल्याचा डबाच उपडा केल्यासारखं वाटलं. ब्रिस्केट वर येऊ नये म्हणून त्यावर ताटली आणि ताटलीवर वजन. सात दिवस.

आठव्या दिवशी मांस नळाखाली धुवून साध्या पाण्यात भिजत ठेवायचं, म्हणजे वरचा खारटपणा उतरतो. ही पायरी गाळली की माझी पहिल्या वर्षी झाली तशी गत होते. मग गार पाण्यात घालून विस्तवावर. पाण्याला रटरटू द्यायचं नाही, कडेला एखाद-दुसरा बुडबुडा आला पाहिजे, बस. तीन तास, कधी साडेतीन. एवढ्या वेळात तुकडा जवळजवळ एक तृतीयांश आटतो. दोन टोकांचा काटा मांसात घातला आणि सहज बाहेर आला की झालं. ते काढून झाकून ठेवतो आणि त्याच पाण्यात आधी बटाटे, मग गाजर आणि अगदी शेवटी कोबी, ऑर्डर आल्यावर. कोबीच्या मोठ्या फोडी करताना दांडा कापून टाकत नाही, नाहीतर पानं सुटतात. पंधरा-वीस मिनिटं. त्यानं एक फोड चिमट्यानं उचलून दाखवली. बाहेरचं पान मऊ पडलं होतं, पण आतला गाभा अजून हिरवट पांढरा आणि ताठ. त्याच्या पदरापदरात मिऱ्या-धण्याच्या वासाचं पाणी शिरलं होतं.

मग सुरी. ब्रिस्केटचे धागे लांब आणि सरळ असतात, ते डोळ्यांना दिसतात. त्यांच्या आडवं कापायचं, पेन्सिलीच्या जाडीचं. सपाट भाग कमी चरबीचा, टोकाकडचा जास्त चरबीचा. मी टोकाकडचा मागतो. सोबत तिखट मोहरीची पेस्ट, आणि ताक घालून केलेला सोडा ब्रेड. मैदा, खायचा सोडा, मीठ आणि ताक, एवढंच त्यात असतं. वर सुरीनं क्रूस कोरलेला. तो त्याच दिवशी खावा, दुसऱ्या दिवशी त्याचा दगड होतो.

पहिला घास मांसाचा घेतला, पण लक्षात राहिला तो कोबी. गोडसर, किंचित खारट, दाताखाली अजून दम असलेला. बटाटा काट्यानं दाबला आणि त्यानं पातेल्यातलं पाणी शोषून घेतलं. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं न बोलता जेवत होतं. ताट संपल्यावर नवऱ्यानं उरलेला रस ब्रेडनं पुसून घेतला.

गंमत म्हणजे खुद्द आयर्लंडमध्ये कायद्यानं १७ मार्चला पब बंद असत, थेट १९६०च्या सुमारापर्यंत. तिकडे तो चर्चमधल्या मिस्सेचा आणि घरच्या जेवणाचा दिवस होता. न्यूयॉर्कमध्येही मला तेच योग्य वाटतं. १७ तारखेला मिरवणूक पाहावी, गाणी ऐकावीत, जेवायला मात्र आदल्या आठवड्यात जावं. सनीसाइड आणि वुडसाइडमधून २००० सालापासून मार्चच्या आरंभी एका रविवारी सगळ्यांना सामावून घेणारी वेगळी मिरवणूक निघते, तो रविवारही चांगला. दुपारी जा, बारटेंडरला सवड असताना. बसण्याआधी दोन प्रश्न विचारा: मांस इथेच खारवता का, आणि कोबी पातेल्यात कधी टाकता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सकाळी' आलं, तर बिअर घ्या आणि पुढच्या पबकडे चला.