अनुदेशन रचना

अनुदेशन रचना म्हणजे विद्यार्थ्यांच्या गरजा ओळखून, त्यांनी काय साध्य करावयाचे ते आधी निश्चित करून, त्यानुसार अध्यापनाची सामग्री, कृती व मूल्यमापन यांची पद्धतशीर आखणी करण्याची प्रक्रिया होय. शिक्षकाचे दैनंदिन पाठटाचण हे तिचे सर्वांत परिचित रूप आहे. मात्र पाठटाचणात बहुधा शिक्षक काय शिकवणार याची नोंद असते. अनुदेशन रचनेचा आरंभ विद्यार्थी पाठानंतर काय करू शकेल, या प्रश्नापासून होतो.

पार्श्वभूमी

जर्मन तत्त्वज्ञ योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांवर त्यांच्या अनुयायांनी बेतलेली पंचपदी भारतातील अध्यापक विद्यालयांत दीर्घकाळ शिकवली गेली. अमेरिकेत राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये उद्दिष्टे, अध्ययन-अनुभव, त्यांची संघटना आणि मूल्यमापन असा क्रम मांडला. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुढे १९७५ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी फ्लोरिडा राज्य विद्यापीठात तयार झालेल्या आराखड्यातून विश्लेषण, रचना, विकसन, कार्यवाही व मूल्यमापन ही पाच टप्प्यांची पद्धत रूढ झाली.

टप्पे

पालघर जिल्ह्यातील चिंचणीसारख्या समुद्रकाठच्या गावी भूगोलातील 'भरती-ओहोटी' हा घटक शिकवावयाचा आहे असे मानल्यास हे टप्पे पुढीलप्रमाणे स्पष्ट होतात.

विश्लेषण : विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान व परिस्थिती जाणून घेणे. मच्छीमार घरातील मुलाला अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग अनुभवाने ठाऊक असतो. पूर्वेकडील डोंगराळ पट्ट्यातून आलेल्या मुलाने समुद्र क्वचितच पाहिलेला असतो. दोघेही एकाच वर्गात असतील, तर एकच प्रस्तावना दोघांना पुरत नाही.

रचना : तपासता येईल असे उद्दिष्ट लिहिणे. 'भरती-ओहोटी समजणे' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'आजची भरती दुपारी १२ वाजता असेल, तर उद्या ती सुमारे ५० मिनिटे उशिरा येईल हे कारणासह सांगणे' हे मोजता येते. पृथ्वीचे एक परिवलन होईपर्यंत चंद्र आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो, हे त्याचे कारण. चाचणीचे प्रश्नही याच टप्प्यावर ठरवले जातात.

विकसन : उद्दिष्टाला उपयोगी पडेल तेवढीच सामग्री तयार करणे. येथे आठवडाभराच्या भरतीच्या वेळांचा तक्ता, तिथी दर्शवणारी दिनदर्शिका आणि पृथ्वी-चंद्र दाखवण्यासाठी दोन चेंडू पुरेसे ठरतात.

कार्यवाही : पाठ प्रत्यक्ष घेणे. शक्य असल्यास तो आधी चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटात घेऊन पाहिला जातो.

मूल्यमापन : मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे दोन हेतू वेगळे केले : काम चालू असताना ते सुधारण्यासाठी होणारे आकारिक आणि शेवटी निर्णयासाठी होणारे संकलित. बहुसंख्य विद्यार्थी एकाच प्रश्नावर अडखळत असतील, तर दोष प्रथम आखणीत शोधावा, हे अनुदेशन रचनेचे मूलभूत गृहीतक आहे.

कोसबाडचा प्रयोग

ही संज्ञा मराठीत रूढ होण्यापूर्वीच तिच्यामागील विचार चिंचणीच्याच डहाणू तालुक्यात आचरणात आला होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीच्या परिसरात नेण्यात आले.

माँटेसरी पद्धतीची साधने खर्चिक होती. तेव्हा इंद्रियशिक्षणाचे उद्दिष्ट कायम ठेवून पाने, फुले, खडे, शिंपले अशा परिसरातील वस्तूंचा साधन म्हणून उपयोग करण्यात आला. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर वस्तीतील अंगणातच बालवाडी भरवण्यात आली. मोठ्या मुलांना गुरे राखावी लागत, तर काहींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत. पहिल्या अडचणीवर गुरे चरतात तेथेच भरणारी कुरणशाळा हे उत्तर होते; दुसऱ्या अडचणीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी. मुलांची गैरहजेरी हा त्यांचा दोष न मानता त्यांच्या जीवनाविषयीची माहिती मानल्यामुळे शाळेची वेळ, जागा आणि साधने बदलली. उद्दिष्ट मात्र खाली आणले गेले नाही.

मर्यादा

पाच टप्पे एकामागून एक सरळ रेषेत क्वचितच घडतात. मूल्यमापनातून पुन्हा विश्लेषणाकडे यावे लागते. कौशल्ये व प्रक्रिया शिकवताना ही पद्धत विशेष उपयोगी पडते. काव्याचा आस्वाद किंवा मूल्यांची जाणीव यांसारखी उद्दिष्टे मोजता येण्याजोग्या वाक्यांत पूर्णतः सामावत नाहीत. आराखडा भरणे हेच काम होऊन बसल्यास वर्गात अनपेक्षितपणे आलेल्या प्रश्नाला जागा उरत नाही. मोठ्या पटाच्या किंवा बहुवर्ग शाळेत प्रत्येक घटकाचे इतके सविस्तर विश्लेषण शक्य नसते. तेथे किमान पूर्वज्ञानाची छोटी चाचणी, एक स्पष्ट उद्दिष्ट आणि पाठाअखेरचे दोन-तीन प्रश्न एवढी आखणीही उपयुक्त ठरते.