घोड्यांच्या वाटेवर सायकल

इंग्लंडमधील डार्क पीक या डोंगराळ टापूचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा उघडला की पिवळसर-तपकिरी समोच्च रेषांच्या जाळ्यावर हिरव्या तुटक रेषा पसरलेल्या दिसतात. नीट पाहिले तर त्या दोन प्रकारच्या आहेत. काही आखूड तुकड्यांच्या, काही लांब तुकड्यांच्या. आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे केवळ चालणाऱ्यांसाठीची पायवाट. लांब तुकड्यांची म्हणजे ‘ब्रायडलवे’, अर्थात घोडेवाट. (तिथल्या कायद्यात पायवाटेला ‘फुटपाथ’च म्हणतात; मात्र आपल्या शहरांतील रस्त्याकडेच्या फुटपाथशी तिचा काही संबंध नाही.) माउंटन बाइक घेऊन या डोंगरांत शिरू पाहणाऱ्याचा सारा दिवस या रेषांच्या तुकड्यांच्या लांबीवर अवलंबून असतो. लांब तुकड्यांवर तो हक्काने सायकल चालवू शकतो, आखूड तुकड्यांवर नाही. आणि गंमत अशी, की प्रत्यक्ष जमिनीवर या दोन वाटांमध्ये कित्येकदा काडीचाही फरक नसतो.

मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मध्ये पीक डिस्ट्रिक्टचा हा प्रदेश पसरला आहे. १९५१ साली ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून तो घोषित झाला. त्याचा उत्तरेकडील काळसर वालुकाश्माचा भाग म्हणजे डार्क पीक. किंडर स्काउट हे येथील सर्वोच्च ठिकाण अवघे ६३६ मीटर उंच. आपल्या सिंहगडाच्या निम्म्याइतकेही नाही. परंतु इथे चढून गेले की कडा किंवा माची लागत नाही, लागते ते क्षितिजापर्यंत उघडेबोडके पठार. त्यालाच ‘मूर’ म्हणतात. झाड नाही, आडोसा नाही. हेदरची गुडघाभर झुडपे, कापूस-गवत आणि सतत वाहणारा ओला वारा. कोकणातील सड्यांची आठवण व्हावी असे दृश्य, पण सड्यावर पायाखाली कातळ असतो आणि मूरवर असतो पीट.

हा पीट समजून घेतल्याशिवाय येथील वाटांचे भांडण समजत नाही. थंड, आम्ल आणि पाण्याने सदैव भिजलेल्या जमिनीत मेलेले शेवाळ व गवत पुरते कुजत नाही. ते थरावर थर साचत जाते. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे हजार वर्षांत मीटरभर. डार्क पीकच्या माथ्यावर काही ठिकाणी हा थर दोन-तीन मीटरांहून जाड आहे. ओल्या पीटमध्ये वजनाने सुमारे नव्वद टक्के पाणीच असते. त्याला माती म्हणण्यापेक्षा भिजलेला स्पंज म्हणणे अधिक योग्य. वरचे हिरवे आवरण शाबूत असेतो हा स्पंज टिकतो. ते फाटले की पाऊस, गोठण आणि वारा मिळून त्याची धूप करतात आणि घळी खोल होत जातात. त्यात कारखानदारीच्या दोन शतकांतील गंधकयुक्त धुराने येथील पीट तयार करणारे स्फॅग्नम शेवाळच मोठ्या प्रमाणावर मारून टाकले. त्यामुळे मैलोन्मैल उघडा, काळा पीट शिल्लक राहिला होता. २००३ पासून ‘मूर्स फॉर द फ्युचर’ हा उपक्रम हेलिकॉप्टरने हेदरची कापणी, चुना व बी टाकून, घळींत दगडांचे बांध घालून आणि शेवाळाची रोपे लावून तो पुन्हा झाकीत आहे. अशा जमिनीवर चाक न्यायचे की नाही, हा प्रश्न साहजिकच नाजूक ठरतो.

आता या घोडेवाटा आल्या कुठून? मोटारी व कालवे नव्हते तेव्हा चेशरचे मीठ, यॉर्कशरची लोकर, शिसे आणि धान्य ही डोंगररांग ओलांडून नेले जाई ते तट्टांच्या पाठीवरून. वीस-चाळीस तट्टांची ओळ, पुढच्या तट्टाच्या गळ्यात घंटा आणि सोबत ‘जॅगर’ म्हणून ओळखला जाणारा हाक्या. आपल्याकडे नाणेघाटातून बैलांचे तांडे जात, तसाच हा व्यवहार. एडेल गावाजवळच्या ‘जेकब्ज लॅडर’ या प्रसिद्ध चढाची कथा अशी सांगतात, की जेकब मार्शल नावाच्या जॅगरने उभ्या उतारावर पायऱ्या खोदल्या. तट्टू वळणावळणाने वर येई, तोवर हा सरळ चढून वर पोहोचे आणि निवांत चिलीम ओढीत बसे. आज चालणारे पायऱ्यांनी जातात आणि सायकलस्वार तट्टांच्या वळणाने. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीची वाटणी अजून कायम आहे!

परंतु वाट जुनी असली, म्हणजे तिच्यावर हक्कही शाबूत राहिला असे नाही. एकोणिसाव्या शतकात मूरचे मोठे पट्टे जमीनदारांच्या खासगी मालकीचे झाले. ग्राउस हा रानपक्षी पाळून दर ऑगस्टमध्ये त्याची शिकार करणे हा तेथील प्रतिष्ठेचा खेळ. त्यासाठी राखणदार नेमून गिरणी कामगारांना डोंगरावर मज्जाव केला गेला. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडील शेकडो तरुणांनी किंडर स्काउटवर जाहीरपणे घुसखोरी केली. पाच जणांना तुरुंगवास झाला आणि त्यांत त्यांचा वीस वर्षांचा नेता बेनी रॉथमनही होता. रेल्वे स्थानकावर पोलीस वाट पाहत असतील हे ओळखून रॉथमन त्या सकाळी हेफील्डला पोहोचला होता तो सायकलवरून. ही बारीकशी गोष्ट पुढच्या इतिहासाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कारण त्या आंदोलनाने जे वातावरण तयार केले, त्यातून १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला. त्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करण्यास सांगितले. माहिती गोळा करण्याचे काम बहुतांशी गावोगावच्या पॅरिश परिषदांकडे आले. आणि इथेच गोम आहे. एखाद्या गावाने आपली जुनी वाट घोडेवाट म्हणून नोंदवली, पलीकडच्या गावाने तीच वाट पायवाट म्हणून लिहून टाकली. काही ठिकाणी जमीनमालकांनी हरकत घेतली, काही ठिकाणी कुणी लिहिलेच नाही. परिणामी पॅरिशच्या सीमेवर अचानक दर्जा बदलणाऱ्या वाटा आजही नकाशावर सापडतात. त्या वेळी कुणाला फारसे बिघडले नाही. डोंगरात सायकल नेणारे होतेच किती? १९५५ साली त्यांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची संघटना काढली खरी, पण हे हौशी लोक साध्या टूरिंग सायकली कित्येकदा खांद्यावर घेऊनच जात.

१९६८ च्या कायद्याने सायकलींना घोडेवाटांवर जाण्याची मुभा दिली. अट एकच : पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. शिवाय सायकलींसाठी त्या वाटा सुधारण्याचे कोणतेही बंधन प्रशासनावर नाही, हेही कायद्याने स्पष्ट केले. पुढे दहा-बारा वर्षांत कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीच्या तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावर सोडण्याचा खेळ सुरू केला, १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’सारखी माउंटन बाइक कारखान्यातून घाऊक बाहेर पडली आणि थोड्याच काळात ती ब्रिटनच्या मूरवरही पोहोचली. १९६८ मध्ये ज्यांनी कायदा लिहिला, त्यांच्या स्वप्नातही ही सायकल नसावी. तरी इंग्लंडमधील माउंटन बाइकिंगचा मूळ हक्क आजही त्याच एका कलमावर उभा आहे. २००० साली नवा कायदा आला आणि त्याने डोंगर, मूर व माळ यांवर वाट सोडून मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला. रॉथमन आणि मंडळींचे स्वप्न जवळजवळ सत्तर वर्षांनी पुरे झाले. मात्र तो हक्क केवळ पायी चालणाऱ्यांना. सायकल त्यातून वगळली गेली. इंग्लंड-वेल्समधील सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्यावर सायकलस्वाराला हक्काने जाता येते.

कायदा पाहतो तो वाटेचा इतिहास. पीटला कळतो तो फक्त भार आणि ओल. या दोहोंचा मेळ बसत नाही, हे दोन उदाहरणांवरून दिसते.

पहिले पेनाइन वेचे. १९६५ साली खुला झालेला हा ४३० किलोमीटरचा पदभ्रमण मार्ग एडेलहून सुरू होतो. पहिल्या दोन-अडीच दशकांतच हजारो बुटांनी त्याच्या पीटवरील भागांचा चिखल केला. प्रत्येक जण चिखल टाळून कडेने चालू लागला आणि वाट रुंदावत गेली. हे नुकसान पायांनी केलेले होते, चाकांनी नव्हे. अखेर त्यावर मोठमोठ्या दगडी फरशा टाकण्यात आल्या. त्यांतील कित्येक फरशा पाडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनींतून काढलेल्या होत्या. ज्या लँकेशरचे कापड एके काळी जहाजे भरभरून मुंबई बंदरात उतरत असे, त्याच्या गिरण्यांची जमीन आता मूरवर अंथरली गेली आहे. या फरशांवरून चाक गेले तर पीटला ओरखडाही येणार नाही. परंतु हा मार्ग बहुतेक ठिकाणी पायवाट म्हणून नोंदलेला असल्याने तिथे सायकल निषिद्ध.

दुसरे उदाहरण कट गेटचे. लँगसेटहून निघून मूर ओलांडून डरवेंट खोऱ्यात उतरणारी ही वाट म्हणजे या भागातील सायकलस्वारांची पंढरीच. डरवेंटचे शेतकरी पेनिस्टोनच्या बाजाराला गुरे याच वाटेने नेत. ती घोडेवाट आहे, म्हणून सायकलला पूर्ण मोकळीक. पण तिचा एक तुकडा इतका दलदलीचा होता की सायकल तर सोडाच, घोडेही त्यात रुतत. तो टाळण्यासाठी सारे बाजूच्या पीटवरून जात आणि जखम रुंदावत राही. ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलने डोंगरवाटांच्या दुरुस्तीसाठी लोकवर्गणी गोळा केली, तेव्हा २०१८ च्या मोहिमेत कट गेटचा समावेश झाला आणि सायकलस्वारांच्या स्थानिक गटांनी त्यासाठी पैसा उभा केला. कायद्याने त्यांच्यावर जबाबदारी नव्हती, हे विशेष. मुसळधार पावसानंतर ही वाट काही दिवस टाळा, असे आवाहनही हेच गट आपल्या मंडळींना करीत असतात.

चाक वाईट की बूट, या वादाला उत्तर आहे का? अमेरिकेतील मोंटाना येथे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्याच्या टापा आणि चालणाऱ्यांची पावले चाकांपेक्षा अधिक माती मोकळी करतात, असे आढळले होते. सायकलस्वार हा दाखला वारंवार देतात. तो खरा आहे, पण मोंटानाच्या वाटा म्हणजे डार्क पीकचा पीट नव्हे. पाऊल खड्डा करते, चाक मात्र सलग चर पाडते. उतारावर ब्रेक दाबून मागचे चाक घासत नेले की तो चर खोल होतो आणि पुढचे काम पाणी करते. तेव्हा कोरड्या दगडी वाटेवर सायकल जवळजवळ निरुपद्रवी आणि भिजलेल्या पीटवर घातक, एवढेच म्हणता येते. नकाशावरील हिरव्या रेषेला हा भेद ठाऊक नसतो.

दुरुस्तीतूनही वाद उद्भवतात. रशअप एज येथील घोडेवाटेवर खडकाच्या नैसर्गिक पायऱ्या होत्या; त्यांवरून उतरणे हाच सायकलस्वारांचा आनंद. २०१४ मध्ये स्थानिक प्रशासनाने त्या पायऱ्यांवर खडी टाकून वाट सपाट करायला घेतली तेव्हा सायकलस्वारांसह गिर्यारोहकही विरोधात उभे राहिले. गुळगुळीत वाट मागणारे लोक आपण सर्वत्र पाहतो. खडबडीत वाट तशीच राहू द्या म्हणून भांडणारे विरळाच. अर्थात प्रशासनाचीही बाजू होती. घोडेवाट घोड्याला चालण्याजोगी ठेवणे, हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे.

स्कॉटलंडने हा गुंता वेगळ्या रीतीने सोडवला. तेथील २००३ चा भूमिसुधारणा कायदा पायी, घोड्यावर वा सायकलवर, कुठल्याही बिगर-मोटार साधनाने जवळजवळ सर्वत्र जाण्याचा हक्क देतो; अट एवढीच की वर्तन जबाबदारीचे हवे. वाट कुठली यापेक्षा वागणूक कशी, यावर भर. जमीन ओली असेल, विणीच्या काळात टिटव्या-प्लोव्हर जमिनीवर घरटी करून असतील, तर मागे फिरा, असे अपेक्षित असते. मला हीच भूमिका अधिक शहाणपणाची वाटते. मात्र स्कॉटलंडच्या विरळ वस्तीत जे साधते ते मँचेस्टर, शेफील्ड, लीड्स यांच्या दाराशी असलेल्या या चिमुकल्या पठारावर जसेच्या तसे साधेल, असे म्हणण्याचे धाडस होत नाही. वेल्समधील कोड-इ-ब्रेनिनसारख्या लागवडीच्या जंगलांत सायकलींसाठी खास मार्ग बांधले गेले, तेथे हा प्रश्नच नाही. पण तेथे मूरही नाही.

इंग्लंडमध्ये सध्या लढाई चालते ती अभिलेखागारांत. २००० च्या कायद्याने १९४९ पूर्वीच्या, पण नोंदीतून सुटलेल्या वाटांसाठी २०२६ ही अखेरची मुदत घातली होती; पुढे ती २०३१ पर्यंत लांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्दच करण्याचे सरकारने जाहीर केले. त्यामुळे घोडेस्वारांच्या व सायकलस्वारांच्या संघटनांना थोडी उसंत मिळाली आहे. दशांश कराचे जुने नकाशे, कुंपणे घालण्याचे निवाडे, रेल्वेचे आराखडे धुंडाळून, आज पायवाट म्हणवणाऱ्या एखाद्या वाटेवरून कधी काळी तट्टे जात होती, याचा पुरावा ते शोधत असतात. असा पुरावा कधी कागदावर मिळतो, कधी दगडात दिसतो. कट गेट उतरून खाली आले की स्लिपरी स्टोन्स येथे एक अरुंद दगडी पूल लागतो. तो मूळचा इथला नव्हेच. लेडीबोअर धरणाखाली डरवेंट गाव बुडाले, त्याआधी त्या गावातील तट्टांचा हा पूल, दगडांना क्रमांक घालून, सुटा करून ठेवण्यात आला आणि १९५९ साली इथे पुन्हा उभारला गेला. कट गेटवरून आलेली चिखलाने माखलेली चाके आता त्याच दगडांवरून पलीकडे जातात.