पडक्या वाड्यांतील जुन्या बाटल्या व खोदाईच्या परवानगीचा प्रश्न

पुण्यातील पडक्या वाड्यांच्या जागेत जुन्या बाटल्या, बरण्या, शाईच्या कुप्या इत्यादी वस्तूंचा शोध घेण्याची हौस तरुण मंडळींत अलीकडे वाढीस लागलेली दिसते. यांपैकी काही जण आमच्याकडे येऊन, अशा जागेत खोदावयाचे झाल्यास परवानगी कोणाची घ्यावी, असे विचारतात. जागा ओसाड आहे, दारास वर्षानुवर्षे कुलूप आहे, तेव्हा फार तर शेजाऱ्यास विचारले म्हणजे झाले, असा त्यांचा समज असतो. हा समज एके काळी आमचाही होता, व त्याचे फळ आम्ही भोगले आहे. सबब या विषयाचा खुलासा करणे अवश्य वाटते.

प्रथम, बाटली हे इतिहासाचे साधन होय काय, ही शंका. दप्तरांत आयुष्य घालविलेल्या अभ्यासकांस ती येणे साहजिक आहे. परंतु ज्या व्यवहाराचे कागद कोणी जपून ठेवले नाहीत, त्याचा पुरावा काचेवर उरतो. गळ्यात गोटी असलेल्या सोड्याच्या बाटलीचे पेटंट हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली घेतले. तेव्हा अशी बाटली ज्या थरात सापडेल तो थर त्या सालाच्या पूर्वीचा नव्हे, एवढे तरी निश्चित होते. बूड निमुळते असल्यामुळे उभी न राहणारी बाटली त्याहून जुन्या घाटाची. ती आडवी ठेवावी लागे, म्हणजे बूच ओले राहून आतील वायू निसटत नसे. साच्याचा सांधा तोंडाच्या काठापर्यंत चढलेला असेल तर ती बहुधा यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातील समजावी. काचेवर दुकानदाराचे नाव उठविलेले असल्यास दुधात साखरच. लष्कर भागातील माल शहरातील कोणत्या पेठेत केव्हा पोहोचला, तळेगावास १९०८ च्या सुमारास निघालेल्या पैसा फंडाच्या कारखान्याची काच कोणाच्या घरी होती, हे प्रश्न लहान खरे, पण त्यांची उत्तरे रुमालांत मिळणे कठीण. मात्र हे सर्व, बाटली कोठे व किती खोलीवर सापडली हे ठाऊक असेल तरच. जुन्या बाजारात विकत घेतलेली बाटली सुंदर असते, पण मुकी असते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अमेरिकेतील हौशी लोक जुन्या शौचकूपांचे खड्डे उपसतात, कारण तेथे घरचा केरकचरा त्याच खड्ड्यात टाकीत. ते वाचून आपल्याकडील मुले वाड्याच्या मागील दारी कुदळ मारतात, ती व्यर्थ. आपल्याकडील शेतखाने बोळातून दररोज माणसांच्या हातून साफ करून घेतले जात (ज्यांच्याकडून ते काम पिढ्यान्‌पिढ्या करविले त्यांचा इतिहास निराळा लिहिला पाहिजे), तेव्हा तेथे संचय झालाच नाही. शिवाय रिकाम्या बाटलीस किंमत होती. बाटलीवाला दारावर येऊन ती नेई. म्हणून आपल्याकडे जमिनीत मिळते ती बहुधा फुटलेली, आडात पडलेली, अथवा लोकलज्जेस्तव लपविलेली. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर या शेवटच्या प्रकारात भर पडली असावी, असा आमचा तर्क आहे. नळ आल्यावर पुष्कळ आड भरून टाकण्यात आले, व खरा संचय आहे तो त्यांत. तथापि भरलेल्या आडात हौशी मनुष्याने उतरू नये. भिंत ढासळते व आतील हवा दूषित असते.

आता परवानगी. शहरात बेवारस जमीन अशी जवळजवळ नसते. ज्याचा कोणीही वारस उरला नाही त्याची मिळकत राज्याकडे जाते, व राज्याच्या जागेत खोदणे हे अधिकच अवघड. बाकी प्रत्येक तुकड्यास नगर भूमापन क्रमांक असतो व त्या क्रमांकाचे मालमत्ता पत्रक भूमापन कार्यालयात मिळते. पहिले काम ते पत्रक काढण्याचे. त्यावर पणजोबांचे नाव तसेच राहिलेले, खाली वारसांची लांबलचक यादी, कोठे बोजाची नोंद, असा प्रकार बहुधा दृष्टीस पडेल. अविभक्त मिळकतीत एका भाऊबंदाचा होकार हा सर्वांचा होकार नव्हे. घर पडले म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपला, असेही समजू नये. जागा देवस्थानाची असल्यास विश्वस्तांचा ठराव पाहिजे. महापालिकेने इमारत धोकादायक ठरविली असेल तर मालकाची संमती असूनही आत पाऊल टाकणे शहाणपणाचे नाही.

मालकाची संमती मिळाली तरी प्रश्न संपत नाही. भूमिगत वस्तूंविषयी १८७८ चा निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, किंमत असलेली कोणतीही वस्तू त्याच्या व्याख्येत येते, व दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे असे त्यात सांगितले आहे. टाकून दिलेली बाटली ही ‘दडलेली’ म्हणावी की नाही, यावर वकील वाद घालतील. आम्ही म्हणतो, एक अर्ज लिहिण्यास काय पडते? कळविण्याचे हे कर्तव्य इंग्रजांनी आणलेले नव्हे. निधी सापडूनही राजास न कळविणाऱ्याकडून तो काढून घ्यावा व वर दंडही करावा, असे याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आहे. विद्वान ब्राह्मणास सबंध निधी ठेवण्याची तेथे मोकळीक आहे, ती नव्या कायद्याने ठेवली नाही हे योग्यच झाले.

त्याहून महत्त्वाचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा. पुरातत्त्वीय हेतूने उत्खनन करावयाचे तर संरक्षित क्षेत्राबाहेरही केंद्र सरकारची पूर्वसंमती घेतल्याशिवाय राज्य सरकारला ते करता येत नाही, व दुसऱ्यास तसा अधिकारही देता येत नाही. राज्य सरकारची जेथे ही स्थिती, तेथे एका मालकाच्या चिठ्ठीवर आम्ही व आमचे विद्यार्थी कुदळ घेऊन निघालो, तर त्यास उत्खनन कसे म्हणावे? शिवाय १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो व खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणजे आजोबांच्या वेळची सोड्याची बाटली आपण पाहता पाहता या व्याख्येत येऊन बसते.

आमच्या हातून घडलेली चूक आता सांगतो. सुमारे बारा वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका पेठेत एका जुन्या वाड्याचा मागील सोपा पडला. वाड्याच्या वारसांपैकी एक आमचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “मास्तर, खुशाल खणा.” आम्ही कागद मागितला नाही. दोन मुलांना घेऊन चार दिवस काम केले. वरच्या मातीखाली वीतभर जाडीचा बारीक गाळाचा थर लागला. तो १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचा, हे ओळखण्यास वेळ लागला नाही. त्याखाली तीन गोटीच्या बाटल्या, एक दगडी मातीची शाईची बाटली व औषधाच्या दोन कुप्या निघाल्या. एवढी स्पष्ट रेघ आम्हांस पुन्हा कधी मिळाली नाही. पाचव्या दिवशी विद्यार्थ्याचे चुलत बंधू आले. ते रागावले नव्हते, म्हणून त्यांचे बोलणे अधिक लागले. “मास्तर, तुम्ही मलाही शिकवलंय. पण या जागेचा दावा चालू आहे, आणि कोर्टाचा ‘जैसे थे’ हुकूम आहे. हे कोणी तुम्हाला सांगितलं नाही?” कोणी सांगितले नव्हते, व आम्ही विचारलेही नव्हते. आम्ही सर्व वस्तू टोपलीत भरून तेथेच ठेवल्या. पुढे त्या खोदाईचा उल्लेख आमच्या विद्यार्थ्याविरुद्ध दाव्यात केला गेला. तो आम्हांस कधी बोलला नाही. मात्र दिवाळीस येणे त्याने बंद केले. टिपणांची वही आमच्याजवळ आहे. ती छापण्याचा आम्हांस अधिकार नाही असे आम्ही समजतो.

तेव्हापासून आम्ही स्वतः खणत नाही. वाडा पाडून नवी इमारत उभी राहते तेव्हा पाया यंत्राने दोन-तीन दिवसांत खणला जातो, व माती मालमोटारीने शहराबाहेर जाते. तीनशे वर्षांची वस्ती अशी आठवड्यात नाहीशी होते, आणि त्या मातीत काय होते हे कोणी विचारीत नाही. हौशी मुलाच्या खुरप्यास मात्र इतके कायदे. याचा आम्हांसही राग येतो. परंतु आमच्या मते मार्गही तेथेच आहे. पायाखोदाई मालकाच्या हक्काने व महापालिकेच्या परवानगीने चालूच असते. आपण मागावयाचे ते केवळ काठावर उभे राहून पाहण्याचे व टिपण करण्याचे. असा अर्ज विकसक व सर्व सहमालक यांच्या नावे लेखी असावा. त्यात कोण येणार, किती वेळ थांबणार, वस्तू मालकाच्याच राहतील, अपघाताची जबाबदारी आपली, निधीसारखे काही निघाल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविले जाईल, व जागेचे नाव संमतीवाचून छापले जाणार नाही, हे स्पष्ट लिहावे. दावा चालू आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. विकसकास भीती असते ती काम थांबण्याची. ती आधीच दूर केली तर पुष्कळ जण हो म्हणतात असा आमचा अनुभव आहे.

गेल्या मार्गशीर्षात अशाच एका अर्जास उत्तर आले. सकाळी सात ते नऊ, यंत्र सुरू होण्यापूर्वी, दोन माणसांस येण्याची मुभा मिळाली. सहा दिवसांत साडेपाच फूट खोलीवर एक निमुळत्या बुडाची बाटली सबंध, व दुसरीचे तुकडे दिसले. त्या वस्तू मालकांच्या घरी आहेत. मोजमापे, खोलीची नोंद व रेखाचित्रे आमच्याकडे आहेत, आणि या खेपेस ती छापण्याची लेखी संमतीही आहे.