पेशींचे मरण, शरीराचे जीवन

चेन्नईतील अड्यार म्हटले की आपल्याला थिऑसफिकल सोसायटीच्या आवारातील विस्तीर्ण वटवृक्ष आठवतो. त्याच अड्यारमध्ये १९५४ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी, अवघ्या बारा खाटांनिशी, कर्करोग संस्थेचे कार्य सुरू झाले. त्यांची बहीण कर्करोगाने गेली होती; त्या दुःखातून ही संस्था उभी राहिली. पुढे १९८० नंतरच्या दशकात अड्यार, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांनी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर एकच उपचारयोजना अवलंबिली आणि वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण पुष्कळ वाढले. तीतील एक औषध होते प्रेडनिसोलोन. त्याची रीत विलक्षण आहे: ते रोगी लसिकापेशीला स्वतःहून मरावयास लावते.

पेशीने स्वतःहून मरावे, ही कल्पना चमत्कारिक वाटेल. परंतु आपले रक्षण करणाऱ्या पेशींचा तो नित्याचा धर्म आहे. छातीतील थायमस ग्रंथीत जन्मणाऱ्या पेशींपैकी शेकडा नव्वदांहून अधिक तेथेच मरतात. कारण त्या निरुपयोगी तरी असतात किंवा स्वकीयांवरच उलटण्याजोग्या. या शिस्तबद्ध मरणाला १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. मरणारी पेशी आक्रसते, तिच्या केंद्रकातील डीएनएचे तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते अवशेष गिळून टाकतात.

हे मरण कोणाच्या वाट्याला यावे, हे ठरविण्यात पॉलिअमाइन नावाच्या लहान रेणूंचा मोठा हात असतो. पुट्रेसीन, स्पर्मिडीन आणि स्पर्मीन हे त्यांतील प्रमुख. ऑर्निथीन या अमिनो अम्लापासून एक विकर प्रथम पुट्रेसीन बनविते. त्यापासून पुढील दोन तयार होतात. हे रेणू धनभारित असल्यामुळे ऋणभारित डीएनएला बिलगून राहतात व त्याला स्थैर्य देतात. पेशीच्या वाढीलाही ते अत्यावश्यक असतात. प्रेडनिसोलोनसारखी संप्रेरके दिल्यावर थायमसमधील त्या विकराचे कार्य मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. उलट, बाहेरून स्पर्मीन पुरविले असता थायमसच्या पेशींचे मरण रोखता आले.

मग पॉलिअमाइन म्हणजे पेशीचे अमृतच काय? तसेही नाही. त्यांचा संचय अति झाला की त्यांच्या विघटनातून हायड्रोजन पेरॉक्साइड व विषारी अल्डिहाइडे निपजतात आणि पेशी त्यानेच दगावते. आमटीतल्या मिठासारखी ही गोष्ट आहे. कमी पडले तरी पंचाईत, अधिक झाले तरी पंचाईत. म्हणूनच त्या विकराचे आयुष्य निसर्गाने अत्यल्प ठेविले आहे. त्याचा निम्मा साठा तासाभराच्या आतच नाहीसा होतो, आणि पेशीला क्षणोक्षणी नवा हिशेब मांडता येतो.

कर्करोगाच्या पेशी हाच हिशेब बिघडवितात. त्या पॉलिअमाइनांचा साठा वाढवितात आणि मरणाची आज्ञा जुमानीत नाहीत. ते विकर बंद पाडणारे एफ्लॉर्निथीन हे औषध अमेरिकेत २०२३ साली मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी मान्य झाले. मात्र पेशी हे रेणू बाहेरूनही ओढून घेऊ शकतात. त्यामुळे केवळ एका औषधाने काम भागत नाही. शिवाय प्रेडनिसोलोनमुळे निरोगी लसिकापेशीही मरतात, आणि त्या काळात साधा संसर्गही मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

रोगी पेशी मरावी आणि रक्षक पेशी जगावी, हा विवेक औषधाला कसा शिकवावा, हा खरा प्रश्न आहे. खाटेवरील बालकाचे उद्याचे आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.