पानं वाळली म्हणजे कंद मेला नाही

दर डिसेंबर-जानेवारीत जुळे सोलापुरातल्या कुठल्या ना कुठल्या गच्चीवर मला तीच कुंडी भेटते. मे फ्लॉवरची पानं पिवळी पडून लोळलेली, मातीचा चिखल झालेला. ‘‘सुकायला लागलं म्हणून दोन वेळा पाणी घालतेय, तरी धरेना.’’ धरेल कसं? झाड विश्रांतीला निघालं होतं. कुजलं ते पाण्यामुळे. दुसरीकडे कोणी ‘मेलं’ म्हणून चांगला टणक कंद कचऱ्याच्या गाडीत टाकलेला असतो.

कांद्याच्या बाजारामुळे ज्या गावाचं नाव राज्यभर घेतलं जातं, तिथे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. रानात कांद्याची पात माना टाकते, तेव्हा शेतकरी पाणी वाढवतो का? उलट काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडतो, कारण पातीतलं अन्न कांद्यात उतरलेलं असतं आणि ओला कांदा चाळीत टिकत नाही. मे फ्लॉवरचंही तसंच आहे. ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. वनस्पतिशास्त्राच्या २००९ सालच्या वर्गीकरणानुसार कांदा आणि मे फ्लॉवर दोन्ही अ‍ॅमरिलिडेसी या एकाच कुळात येतात. मे फ्लॉवर मूळचा आफ्रिकेतला. कोरडा हंगाम जमिनीखाली झोपून काढणं त्याच्या रक्तातच आहे.

शंका असेल तर माती थोडी उकरून कंद बोटानं दाबा. टणक लागला तर जिवंत आहे. मऊ लागला, वास आला, तर गेला. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या, पूर्ण वाळली की थांबवा, कुंडी आडोशाला ठेवा. कुंडीत नुसती काळी माती भरली असेल तर जास्त जपा, कारण थंडीत ती आठवडाभरही ओल सोडत नाही; वाळू आणि शेणखत मिसळलेली बरी. एप्रिलच्या सुमारास पुन्हा पाणी सुरू करा. आधी फुलाचा दांडा वर येतो, पानं मागून.

दुसरा गैरसमज परदेशी व्हिडिओंमधून आला आहे : थंडीपासून वाचवायला कंद घरात आणायचे, गोणपाटात गुंडाळायचे. तिकडे जमीन गोठते. सोलापुरात भर थंडीतही पहाटेचा पारा साधारण पंधरा अंशांच्या आसपास असतो. या थंडीनं कुंडीतला कंद मरत नाही.

उलट मुद्दाम गारव्यासाठी फ्रिजमध्ये ठेवायचे ते ट्युलिप आणि हायसिंथचे कंद. त्यांना तीन-चार महिन्यांचा गारवा लागतो, तोही सफरचंदांपासून दूर, कारण फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. गुलछडीला आणि मे फ्लॉवरला फ्रिज दाखवू नका.

हिरवी पानं ‘वाईट दिसतात’ म्हणून कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल तीच भरत असतात. झोपलेल्या कंदाला खत देऊ नका. कंद दरवर्षी उपटायलाच हवेत असंही नाही : ग्लॅडिओलसचे काढून ठेवतात, गुलछडी दोन-तीन वर्षं एकाच जागी राहते, मे फ्लॉवरला तर हलवलेलं सोसतच नाही.

आणि एक, फार महत्त्वाचं. कांद्याच्या कुळातला असला म्हणून मे फ्लॉवरचा कंद खाण्याजोगा ठरत नाही. तो विषारी आहे. काढून ठेवलाच तर चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही असा, स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीपासून लांब ठेवा.