घरात पत्ते वाटणारा राउटर एकच हवा

धामणगाव रेल्वेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या फोनांमध्ये एक तक्रार ठरलेली: "भाऊ, वायफाय लागलं, पण काहीच उघडून नाही राह्यलं."

आपल्याकडे भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी नेटचं कनेक्शन एकच असतं. कंपनीची पेटी खाली थोरल्याकडे, तिथून एका छोट्या स्विचमधून वायर वर धाकट्याकडे, बिल निम्मं-निम्मं. मला ही रीत आवडते. पण नेट अडलं की "वरची पोरं दिवसभर पिक्चर पाहतात" इथवर गोष्ट जाते, आणि दोष भलतीकडेच असतो.

आधी कंपनीच्या पेटीकडे बघा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाहीये. घरातलं काही न उचकता तक्रार नोंदवा. खाली नेट चालतंय आणि वर नाही, तर दोष स्विच, वायर किंवा वरच्या राउटरमध्ये शोधा. लाइट गेल्यावरच वरचं नेट जात असेल, तर स्विचचा अडॅप्टर इन्व्हर्टरवर आहे का ते बघा.

सगळ्यात जास्त छळतो तो जुना राउटर. वरही वायफाय हवं म्हणून घरात पडलेला राउटर कुणीतरी स्विचला जोडून देतं. घरातल्या प्रत्येक फोनला १९२.१६८.१.५ असा काही पत्ता लागतो आणि तो राउटर देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात. आता पत्ते देणारे दोन झाले. ज्याचं उत्तर आधी पोचेल, त्याचा पत्ता फोन घेतो. जुन्या राउटरचा घेतला, तर बाहेरची वाटही त्यालाच विचारतो, आणि त्याला बाहेरची वाट जोडलेलीच नसते. म्हणून काकूंच्या फोनवर नेट चालतं, शेजारी बसलेल्या मुलाच्या फोनवर नाही. वायफाय बंद-चालू केलं की कधी उलटंही होतं.

उपाय सोपा आहे. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल, तर याला त्याच रांगेतला दुसरा मोकळा पत्ता द्या. वायर 'वॅन'मध्ये न घालता 'लॅन'च्या भोकात घाला. मग तो फक्त वायफाय पसरवतो.

घरभर सगळंच ठप्प आणि स्विचचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकताहेत? मग एकाच वायरची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली आहेत का बघा. झाडताना सुटलेलं टोक कुणीतरी चांगल्या मनानं खोचलेलं असतं. निरोप त्या फेऱ्यात फिरत राहतात, वाढत जातात. मोठ्या जाळ्यांसाठी इंजिनिअर रेडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये यावर तोड काढली, पण घरगुती साध्या स्विचमध्ये ती सहसा नसते. टोक उपसा, बस्स.

प्लॅन २००चा आणि वायरवर वेग ९४-९५च्या पुढे सरकत नाही, तर पोर्ट १०० एमबीपीएसवर अडकलंय. जुना स्विचच तेवढ्याचा नसेल, तर वायर तपासा. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १००ला चारच पुरतात. खिळ्याखाली दबलेली किंवा उंदरानं कुरतडलेली एक तारही वेग अडवायला पुरेशी असते.

दोन घरं वेगळी असतील, तर गच्चीवरून तांब्याची वायर ओढू नका. जूनमध्ये जवळपास वीज पडली की त्या वायरीतून झटका येतो आणि दोन्हीकडची पोर्टं जळतात. त्या अंतरासाठी धातूची तार नसलेली फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. थोडा खर्च जास्त होतो, तोही निम्मा-निम्मा करता येतो.