हातांना सोसेल असे हँडल

घरात मोटारसायकल घ्यायची ठरली की सगळे बोलतात. भाऊ मायलेज विचारतो, मुलगा रंग निवडतो, अम्मी महिन्याचा हप्ता किती बसेल ते पाहते. सीट दाबून बघितली जाते, हॉर्न वाजवून पाहिला जातो. हँडलची चौकशी मात्र कुणी करत नाही. ते गाडीबरोबर येते आणि जसे आले तसेच दहा वर्षे राहते.

पहाटे बेकरीतून पाव उचलून दहा-बारा गावांची फेरी करणारा माणूस, कपड्याचे गाठोडे बांधून आठवडी बाजार गाठणारा व्यापारी किंवा दिवसभर पार्सल पोहोचवणारा तरुण, या सगळ्यांची रोजी मोटारसायकलवर चालते. त्यांचे दोन्ही हात रोज पाच-सहा तास त्या एका नळीवर असतात. ती नळी शरीराच्या मापाची नसेल तर मनगट, खांदे आणि मान त्याची किंमत मोजतात. हँडल बदलता येते, आणि योग्य बदलले तर आराम नक्की पडतो. मात्र हा बदल शोभेसाठी नव्हे, हातांसाठी करायचा असतो. तो करताना ब्रेक आणि क्लच यांच्याशी खेळ होणार नाही हे आधी पाहायचे असते.

दुखणे नेमके कुठले?

बाजारात जाण्यापूर्वी दुखणे ओळखा. हँडल फार पुढे किंवा खाली असेल तर चालवणारा वाकतो आणि धडाचा भार तळहातांवर येतो. तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूने एक नस जाते. ती दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. मनगट सतत वर किंवा खाली वळलेले राहिले तर मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या दुसऱ्या नसेवर ताण येतो. मग अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येतात. हँडल फार रुंद असेल तर खांद्याच्या पाठीमागे दुखते. फार उंच असेल तर हात लोंबकळल्यासारखे होऊन खांदे आखडतात.

ही लक्षणे घरच्यांनाच आधी दिसतात. अब्बू सकाळी उठल्यावर हात झटकतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, सजद्यात तळहात टेकवताना चेहरा आवळतात, हे पत्नीच्या किंवा मुलीच्या नजरेतून सुटत नाही. रात्री मुंग्यांनी झोप मोडत असेल, पकड ढिली पडून वस्तू हातातून निसटत असतील किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात मनगटाची नस दाबली जाण्याचा त्रास अधिक आढळतो. तो केवळ हँडल बदलून बरा होणार नाही.

आधी बिनखर्चाचे उपाय

हँडल विकत घेण्याआधी आहे ते नीट बसले आहे का ते पाहा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, एकाला धरायला सांगा आणि रोजच्यासारखे बसा. खांदे सैल सोडा, डोळे मिटा आणि दोन्ही हात सहज पुढे करा. डोळे उघडल्यावर मुठी हँडलच्या किती वर, खाली, पुढे किंवा मागे आहेत ते दिसेल. हीच तुमची खरी गरज. चांगल्या बैठकीत कोपर किंचित वाकलेला असतो आणि मनगट हाताच्या सरळ रेषेत राहते.

बऱ्याचदा दोष लिव्हरच्या कोनात असतो. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर फार वर असतील तर प्रत्येक वेळी मनगट मागे मोडावे लागते. त्यांचे बोल्ट सैल करून लिव्हर थोडे खाली फिरवले, बोटे सरळ रेषेत पडली, की अर्धे दुखणे जाते. पुढे डिस्क ब्रेक असेल तर तेलाची डबी साधारण समपातळीत राहील एवढेच फिरवायचे.

दुसरा उपाय म्हणजे हँडलच थोडे मागे फिरवणे. स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीत नळीचे हँडल क्लॅम्पमध्ये धरलेले असते. बोल्ट सैल करून ते जरा मागे वळवले तर मुठी जवळ येतात. झिजलेले कडक ग्रिप बदलून मऊ ग्रिप टाकले तर धक्केही कमी बसतात. सीट पुढे उतरती झाली असेल तर माणूस घसरत टाकीकडे येतो आणि हातांवर भार पडतो. तिथे हँडल नव्हे, सीटचा फोम दुरुस्त करावा लागतो.

एकाच इंजिनाच्या दोन गाड्या

हँडलने किती फरक पडतो, हे रॉयल एनफिल्डच्या दोन गाड्यांत स्पष्ट दिसते. इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेन्टल जीटी ६५० या दोन्ही भारतात नोव्हेंबर २०१८ मध्ये आल्या. दोघींचे ६४८ सीसीचे इंजिन एकच. पण इंटरसेप्टरला रुंद, उंच हँडल आहे, तर जीटीला फोर्कच्या नळ्यांवर वेगवेगळे बसवलेले दोन आखूड दांडे, म्हणजे क्लिप-ऑन. पहिलीवर माणूस ताठ बसतो, दुसरीवर पुढे झुकतो.

झुकण्याची ही ढब जुनी आहे. १९५०-६० च्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी तरुण मंडळी वेगासाठी हँडल खाली घेत. त्यांच्या गाड्यांना कॅफे रेसर नाव पडले. थोड्या अंतराच्या शर्यतीला ती बैठक ठीक, रोजच्या सत्तर किलोमीटरच्या फेरीला नाही.

जीटीचे पाय ठेवायचे दांडेही मागे आहेत. म्हणून नुसते हँडल उंच केले तर हात ताठ आणि पाय मागे अशी अर्धवट बैठक होते. हात, सीट आणि पाय हे तिन्ही मिळून बैठक ठरते. शिवाय क्लिप-ऑनच्या गाडीवर नळीचे हँडल बसवायला फोर्कच्या वरच्या प्लेटवर क्लॅम्पची जागा लागते. ती नसेल तर प्लेटच बदलावी लागते आणि खर्च वाढतो. जुनी स्पोर्ट्स बाइक स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्या तरुणाने हे आधी ध्यानात घ्यावे.

नवे हँडल मोजून घ्यावे

दुकानात गेलात तर जुन्या हँडलची पाच मापे लिहून न्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, क्लॅम्पपासून मुठीपर्यंतची उंची, मुठी मागे किती येतात ते अंतर, मुठीजवळची जाडी आणि क्लॅम्पमधली जाडी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मुठीजवळची नळी २२ मिलिमीटरची असते. क्लॅम्पमध्ये मात्र काही हँडल २२ मिलिमीटरची, तर काही जाड, २८.६ मिलिमीटरची असतात. जाड हँडल घेतले तर क्लॅम्पही त्याच मापाचे हवेत. पत्र्याची पट्टी गुंडाळून माप जुळवणे धोक्याचे आहे.

उंचीचा मोह टाळा. एक-दीड इंचाचा फरकही हातांना खूप जाणवतो. मागे पावाचे ट्रे किंवा गाठोडे बांधलेले असेल तर पुढचे चाक आधीच हलके झालेले असते. त्यात उंच, मागे ओढलेल्या हँडलने चालवणाराही मागे सरकला तर पुढचे चाक आणखी हलके होते, आणि वेगात हँडल थरथरू लागते. रुंदीचेही तसेच. रुंद हँडल वळवायला सोपे, पण बाजारातल्या गर्दीत आणि घराच्या बोळात अडते.

हँडल तेच ठेवून क्लॅम्पखाली ठोकळे टाकायचाही मार्ग आहे. त्यांना रायझर म्हणतात. त्यासोबत पुरेसे लांब आणि कणखर बोल्ट हवेत. अपघातात वाकलेले हँडल तापवून सरळ करू नका, कापून वेल्डिंगही करून घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियमचे वाकलेले हँडल पुढे पूर्वसूचनेशिवाय तुटू शकते.

खरी परीक्षा केबलची

हँडल वर किंवा मागे गेले की त्याला जोडलेले सगळे ताणले जाते. क्लच केबल, अ‍ॅक्सिलेटर केबल, ब्रेकची केबल किंवा तेलाची नळी आणि बटणांच्या वायरी. त्या आखूड पडल्या तर लांब घ्या, ओढून बसवू नका. डिस्क ब्रेकची नळी बदलली तर आतली हवा पूर्ण काढावी लागते, नाहीतर लिव्हर स्पंजासारखे दबते आणि ब्रेक लागत नाही. एबीएस असलेल्या गाडीचे हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्या. बटणांच्या डबीला आत एक छोटी खुंटी असते, तिच्यासाठी नव्या नळीत नेमक्या जागी भोक लागते. खुंटी घासून टाकली तर डबी हातात फिरते.

काम झाल्यावर मेकॅनिकसमोर उभे राहून तीन तपासण्या करा. पहिली, हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. लिव्हर किंवा मूठ टाकीला लागता कामा नये, अंगठा मध्ये सापडता कामा नये. दुसरी, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून पुन्हा दोन्हीकडे वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलेटर केबल ताणली जात आहे. अशी गाडी यू टर्न घेताना आपोआप उसळी मारते. तिसरी, पुढचे शॉक दाबून सोडा आणि ब्रेकची नळी कुठे ताणते किंवा घासते का ते पाहा. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसे हेही तिथेच तपासा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आपल्या मॉडेलसाठी कंपनीनेच दिलेले हँडल किंवा रायझर मिळत असेल तर तेच आधी पाहा. दुसरे बसवायचे असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, आणि तेव्हा घर आधीच अडचणीत असते. बिल जपून ठेवा.

बसवल्यानंतर

पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात, सावकाश आणि एकट्याने चालवा. मुलाबाळांना मागे बसवण्याची घाई नको. हातांना जुन्या हँडलची सवय असते, वळण आणि ब्रेक यांचा अंदाज नव्याने बसायला काही दिवस लागतात. आठवड्याने क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासून घ्या. हँडल बदलूनही गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा वळताना अडखळत असेल, तर हँडलखालची बेअरिंग, म्हणजे गॅरेजवाले ज्याला कोनसेट म्हणतात ती, झिजलेली असू शकते.

दोन-तीन आठवड्यांनी हातांनाच विचारा. सकाळच्या मुंग्या गेल्या का, फेरीहून आल्यावर मूठ सहज मिटते का? फरक पडला असेल तर पैसे कारणी लागले. नसेल पडला तर हँडलला आणखी छेडू नका, डॉक्टरांकडे जा. आणि जुने हँडल भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा नवे न मानवल्यास ते लागेल. तेलाचा हात फिरवून, जुन्या कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्या.